डॉ. लुसी विल्स : पांडुरोगी मातांची धन्वंतरी



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रकाशित होत असलेल्या या स्मरणिकेसाठी आरोग्यक्षेत्रातील एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपरिचय लिहावा, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या गाठी सोडण्यात आणि गजाने कापड मोजण्यात गेले. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि संस्थेच्या वैद्यकीय समितीवर काही वर्षे काम करीत असताना आपल्या मोफत तपासणी शिबिरांतून एक गोष्ट माझ्या सातत्याने दृष्टोत्पत्तीस आली. शिबिरात येणाऱ्या भगिनींपैकी कितीतरी जणींच्या तपासणीपत्रावर हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ असते, आणि त्यांतील बहुतेकींच्या हाती डॉक्टर लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ठेवतात. ही गोळी आली कोठून, याची जिज्ञासा मनात उत्पन्न झाली. शोध घेता घेता जे चरित्र हाती लागले, ते थेट आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत आणि गिरणगावातील गरीब स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन पोहोचले. डॉक्टर मंडळींना डॉ. लुसी विल्स हे नाव सुपरिचित आहे. सर्वसामान्य वाचकांस ते तितके ज्ञात नसावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

लुसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. विळे, कोयते आदी धारदार अवजारे तयार करण्याचा त्यांचा पिढीजात कारखाना होता. वडिलांना विज्ञानाची गोडी होती आणि मुलींनी शिकावे, असे त्या घरात मानले जाई. चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित शाळेत शिक्षण पूर्ण करून लुसी 1907 साली केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. 1911 साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. ही अट 1948 पर्यंत कायम होती. परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी नाही, हा व्यवहार आम्हां व्यापाऱ्यांच्या हिशेबात बसणारा नव्हे!

1911 साली वडील निवर्तले आणि पाठोपाठ 1913 साली बहीणही गेली. त्यानंतर लुसी दक्षिण आफ्रिकेस गेल्या. तेथे असतानाच पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. केप टाऊनमध्ये त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले. रुग्णाच्या उशाशी उभे राहण्याचा हा पहिला अनुभव त्यांच्या जीवनाला वळण देणारा ठरला असावा, कारण इंग्लंडला परतताच 1915 साली त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. ब्रिटनमध्ये स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी स्थापन झालेली ही पहिली संस्था होय. आपल्या मराठी वाचकांस हे सांगितले पाहिजे की, बालविवाहाच्या बंधनाविरुद्ध न्यायालयात ठामपणे उभ्या राहिलेल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई याच विद्यालयात शिकल्या होत्या. 1920 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लुसी विल्स डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटून अर्थार्जन करण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. त्या विद्यालयाशी संलग्न असलेल्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या रुजू झाल्या आणि गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील रासायनिक बदलांचा अभ्यास करू लागल्या. हे रुग्णालय नावाप्रमाणेच गरिबांवर विनामूल्य उपचार करण्यासाठी निघालेले होते.

आता आपण मुंबईकडे येऊ.

1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. त्या प्रामुख्याने रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. माझे वडील त्या काळच्या गोष्टी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेल्या सांगत. मुंबईहून येणाऱ्या मांजरपाटाच्या आणि लाँगक्लॉथच्या गाठींवर आमच्या घराची रोजीरोटी चालली. ते सूत कोणाच्या हातून रिळावर चढले, याचा विचार आमच्या तीन पिढ्यांत कोणी केल्याचे मला आठवत नाही. हे चरित्र वाचताना तो विचार प्रथमच मनात आला आणि काहीसा संकोचही वाटला.

या स्त्रियांना बाळंतपणात एक विलक्षण पांडुरोग जडत असे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत चेहरा पांढराफटक पडे, पाय सुजत, दम लागे, अन्नावरील वासना उडे, आणि कित्येकदा प्रसूतीच्या आगेमागे माता दगावत असे. डॉक्टर तिच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत तेव्हा एक चमत्कारिक दृश्य दिसे. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या नेहमीच्या पांडुरोगात तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. येथे त्या उलट प्रमाणाबाहेर मोठ्या झालेल्या असत, पण संख्येने फारच थोड्या. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर सूत जाडेभरडे, आणि ताणे मात्र मोजकेच. अशा कापडाला बळकटी कोठून येणार? लोह देऊन या रुग्णांना उतार पडत नसे.

त्या काळी भारतातील मातामृत्यूंच्या प्रश्नाने काही जाणत्या डॉक्टरांना अस्वस्थ केले होते. त्यांत डॉ. मार्गारेट बॅल्फोर या अग्रणी होत्या. भारतीय संशोधन निधी संघाच्या, म्हणजे आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पूर्वसंस्थेच्या, आश्रयाखाली मातामृत्यूंची चौकशी हाती घेण्यात आली आणि त्यातील या पांडुरोगाचा छडा लावण्यासाठी डॉ. लुसी विल्स यांना पाचारण करण्यात आले. 1928 साली त्या मुंबईस आल्या. त्याच वर्षी एप्रिलपासून गिरणी कामगारांचा प्रचंड संप सुरू होऊन तो सहा महिने चालला होता. ज्यांच्या घरी मुळातच अर्धपोटी राहण्याची पाळी, त्यांच्या घरांत त्या वर्षी चुली कशा पेटल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

परळच्या जुन्या राजभवनात असलेली हाफकिन संस्था हे डॉ. विल्स यांचे मुख्य कार्यस्थान होते, आणि कामा रुग्णालयासारखी सार्वजनिक प्रसूती रुग्णालये हे त्यांचे कार्यक्षेत्र. त्यांच्या समवेत भारतीय सहकारी होते. डॉ. मेहता यांच्यासह लिहिलेला त्यांचा पहिला अहवाल 1930 साली भारतीय वैद्यकीय संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध झाला, आणि डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ही पाहणी मला विशेष महत्त्वाची वाटते. रोग रक्तात दिसत होता, पण त्याचे मूळ त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन शोधले. कोणत्या समाजातील, कोणत्या आर्थिक स्तरातील स्त्री दिवसभरात काय खाते, दूध किती, भाजी किती, फळ कधी मिळते की नाही, याची टिपणे घेण्यात आली. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, त्या गरीब स्त्रियांतच, विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांत, हा पांडुरोग सर्वाधिक आढळला. म्हणजे हा कोणा जंतूचा प्रताप नसून अन्नातील कोणत्या तरी उणिवेचा परिणाम असावा, असा तर्क बळावला.

पण उणीव कशाची?

1926 साली अमेरिकेत मायनो आणि मर्फी या डॉक्टरद्वयाने घातक पांडुरोगाच्या रुग्णांना रोज पुष्कळसे यकृत खाऊ घालून बरे करता येते, असे सिद्ध केले होते. त्याबद्दल पुढे 1934 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. तेव्हा यकृत हा एक मार्ग उपलब्ध होता. परंतु यकृताचा अर्क महाग. गिरणीतील बाईला तो परवडणार कसा? आणि ज्या घरांत मांसाहार सर्वस्वी वर्ज्य आहे, अशा आपल्यासारख्या कुटुंबांतील माता-भगिनींनी काय करावे? प्राण जावोत, पण अभक्ष्य भक्षण नको, अशा निष्ठेच्या स्त्रिया त्या काळी घरोघरी होत्या. माझी आजी त्यांपैकी एक होती.

डॉ. विल्स यांनी निरनिराळ्या अन्नघटकांची परीक्षा आरंभिली. येथे चरित्रातील असा भाग येतो, जो लिहावा की वगळावा याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांनी प्रथम पांढऱ्या उंदरांना आणि नंतर माकडांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखा निकृष्ट आहार देऊन प्रयोग केले. जीवदया हा ज्यांचा प्राण आहे, अशा आपल्या समाजाच्या स्मरणिकेत हे लिहिताना लेखणी अडखळते. पण चरित्र लिहावयाचे तर ते अर्धे लिहून चालणार नाही. एक गोष्ट मात्र येथे नमूद करण्याजोगी आहे. उंदरांच्या प्रयोगांनी त्यांची काही अंशी दिशाभूलच केली, कारण उंदरांना झालेल्या पांडुरोगाला त्यांच्या अंगावरील उवांमधून पसरणारा एक संसर्गही कारणीभूत होता, असे नंतर उघडकीस आले. माकडांवरील प्रयोगांतून मात्र एक धागा हाती लागला. निकृष्ट आहाराने खंगलेल्या माकडांना यीस्टचा अर्क दिला असता त्यांचे रक्त सुधारू लागले. या प्रयोगांचे समर्थन करावे की निषेध, हा निर्णय मी वाचकांच्या विवेकावर सोपवितो. मला स्वतःला त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

यीस्टचा हा अर्क मार्माइट या नावाने इंग्लंडमध्ये डब्यांतून विकला जात असे. दारूच्या भट्टीत बिअर गाळल्यावर तळाशी जो यीस्टचा साका उरतो, त्यापासून हा काळसर, खारट लगदा 1902 सालापासून तयार होत आला आहे. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. अतिशय स्वस्त वस्तू. डॉ. विल्स यांनी तो मुंबईच्या रुग्णालयातील पांडुरोगी मातांना देण्यास सुरुवात केली.

परिणाम थक्क करणारा होता. काही दिवसांतच रक्तात नव्या कोवळ्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागत. मग एकूण पेशींची संख्या वाढे, अन्नावर वासना येई, सूज ओसरे, चेहऱ्यावर रंग दिसू लागे. हे सर्व त्यांनी केवळ डोळ्यांनी पाहून ठरविले नाही. रुग्णाच्या रक्ताचा थेंब वारंवार घ्यावयाचा, काचपट्टीवर पसरावयाचा, रंगवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजावयाची, असा तो क्रम होता. रोजमेळ लिहिणाऱ्याला या कामातील चिकाटीची कल्पना येऊ शकेल. ताळा जुळेपर्यंत उठावयाचे नाही, हा आमचाही नियम असतो, पण आमची चूक पैशांची असते आणि त्यांची चूक एखाद्या मातेच्या प्राणांवर बेतणारी होती. 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या पत्रिकेत त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, हे वैद्यकीय जगताला कळले.

मुंबईच्या त्या स्त्रिया, ज्यांच्या बोटांतून आणि शिरांतून हे रक्त घेतले गेले, त्यांच्यापैकी एकीचेही नाव मला कोणत्याही लेखात आढळले नाही. वैद्यकशास्त्रात रुग्णाचे नाव गुप्त ठेवण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. परंतु जगभरच्या मातांना जे औषध लाभले, त्याचा पहिला पुरावा परळ-लालबागच्या चाळींतून आलेल्या या अनामिक स्त्रियांनी दिला, ही गोष्ट विसरता येत नाही. त्यांना या प्रयोगाविषयी कितपत सांगितले गेले, त्यांची संमती कशी घेतली गेली, हे प्रश्न आजच्या काळात विचारले जातात. त्या काळी ते विचारण्याची रीतच नव्हती. आज सरकारी रुग्णालयातही नवे औषध द्यावयाचे झाल्यास नीतिविषयक समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती आवश्यक असते, हा फार मोठा पालट म्हटला पाहिजे.

मुंबईतील या वास्तव्यात डॉ. विल्स अन्यत्रही जाऊन आल्या. 1929 सालचे काही महिने त्यांनी निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे काम केले. तेथे आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅककॅरिसन यांची सुप्रसिद्ध प्रयोगशाळा होती. 1931 च्या आरंभी मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातही त्यांनी रुग्णांवर उपचार केले. गोशातील, म्हणजे पडद्यातील स्त्रियांसाठी ते रुग्णालय होते.

येथून पुढची गोष्ट शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि आपणां शाकाहारी समाजाच्या दृष्टीने तर अत्यंत जिव्हाळ्याची आहे, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो. डॉ. विल्स यांच्या असे ध्यानात आले की, यकृताचा कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला तर मुंबईच्या रुग्ण बऱ्या होतात. पण तोच अर्क फार शुद्ध करून दिला, तर त्यांना उतार पडत नाही. याच शुद्ध अर्काने पाश्चात्त्य देशांतील घातक पांडुरोगाचे रुग्ण मात्र बरे होत. मग याचा अर्थ काय? अर्थ असा की, रोग वरकरणी एकसारखे दिसत असले तरी उणिवा दोन आहेत आणि त्यांची औषधेही दोन आहेत. शुद्धीकरणात जे निसटून जात होते, तेच मुंबईच्या मातांचे औषध होते. 1937 साली क्लटरबक आणि इव्हान्स या सहकाऱ्यांसह त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अज्ञात द्रव्याला वैद्यकजगतात विल्स घटक असे नाव पडले.

पुढे 1941 साली अमेरिकेतील टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालक उकळून, गाळून त्यातून एक द्रव्य वेगळे केले. पानापासून मिळाले म्हणून लॅटिन भाषेतील पर्णवाचक शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड असे नाव देण्यात आले. तोच हा विल्स घटक. 1945 साली अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईच्या रुग्णालयात सुरू झालेल्या शोधाचा शेवटचा टाका एका भारतीयाच्या हाताखाली घातला गेला, हा योगायोग खराच. दुसरे द्रव्य, जे शुद्ध यकृत अर्कात उरत होते, ते 1948 साली हाती आले. तेच जीवनसत्त्व बी-12.

या दोहोंतील भेद न कळल्याने काय होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतलेला आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी मला थकवा जाणवू लागला. गल्ल्यावर उभे राहिले की तळपायांना मुंग्या येत. एका परिचित डॉक्टरांनी रक्त कमी आहे असे सांगून रक्तवर्धक टॉनिक सुरू केले. त्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड होते. हिमोग्लोबिन चढले आणि सर्वांना आनंद झाला. पायांच्या मुंग्या मात्र वाढतच गेल्या. वर्षभराने अंधारात चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी बी-12 ची तपासणी करविली. ते जवळजवळ तळाशी गेले होते. इंजेक्शने घ्यावी लागली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण डाव्या पायाची बधिरता पूर्णपणे गेली नाही ती नाहीच. पुढे वाचनात आले की, बी-12 ची उणीव असताना केवळ फॉलिक अ‍ॅसिड दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. डॉ. विल्स यांनी 1937 सालीच दोन कुलुपांच्या दोन किल्ल्या वेगळ्या करून ठेवल्या होत्या.

फॉलिक अ‍ॅसिड आपल्या आहारातील मूग, हरभरा, तूर यांसारख्या डाळी-कडधान्यांतून व हिरव्या पालेभाज्यांतून मिळते. ते फार वेळ उकळल्याने आणि पाणी फेकून दिल्याने नष्ट होते. बी-12 मात्र वनस्पतीत नसते. शाकाहारी मनुष्याला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते थोडेफार मिळते. चातुर्मासात आणि पर्वतिथींना हिरव्या भाज्यांचा त्याग करणाऱ्या, शिवाय एकाशन-आयंबिल करणाऱ्या आपल्या तपस्वी भगिनींच्या आहारात एकाच वेळी दोहोंची तूट पडू शकते, कारण आयंबिलात दूध-दहीही वर्ज्य असते. तपाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. तपश्चर्येच्या आधी आणि नंतर रक्ततपासणी करून घेण्यास मात्र धर्माची काहीच आडकाठी नसावी. यीस्ट, तेही मद्याच्या भट्टीतील, आपल्याकडील चुस्त श्रावकांना मानवणारे नव्हे. पण आज मिळणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रासायनिक प्रक्रियेने बनते आणि बी-12 जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते. यकृताची गरज उरलेली नाही. कॅप्सूलचे वेष्टन मात्र पाहून घ्यावे, ते कित्येकदा जिलेटिनचे असते. हिरवा ठिपका असलेली गोळी मागितली तर दुकानदार देतो.

डॉ. विल्स 1933 पासून पुन्हा पूर्णवेळ रॉयल फ्री रुग्णालयात काम करू लागल्या. तरी मुंबईची ओढ सुटली नव्हती. 1937 च्या हिवाळ्यात त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या वेळी त्यांनी जहाजाऐवजी पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून प्रवास केला. साउदम्प्टनहून निघालेले हे विमान ठिकठिकाणी मुक्काम करीत सुमारे पाच दिवसांनी कराचीला पोहोचत असे. आमच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून सकाळी निघालेला मनुष्य दुपारचे जेवण मुंबईत घेतो, त्या पिढीला हे नवलाचेच वाटेल.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्या आपल्या रुग्णालयाच्या रोगनिदान विभागाची धुरा सांभाळीत होत्या. 1944 च्या जुलै महिन्यात एक उडता बॉम्ब थेट रुग्णालयाच्या मुख्य इमारतीवर आदळला. अशाही काळात त्यांनी गर्भवती स्त्रियांना नित्य लोह दिल्याने रक्तावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास पार पाडला. काही स्त्रियांना लोहाची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी, अशी तुलना त्यात होती. औषधाचा खरा गुण आणि मनाची समजूत यांची फारकत करण्याची ही पद्धत आज सर्वमान्य आहे. तेव्हा ती नवी होती. त्याचे निष्कर्ष 1947 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्या सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्ती नावापुरतीच. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत जाऊन त्या पोषण आणि पांडुरोग यांचा अभ्यास करीत राहिल्या. आयुष्याच्या अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या वतीने त्या नगरसेविकाही झाल्या. त्यांनी विवाह केला नाही. राहणी साधी. मोटारींचा सुळसुळाट असलेल्या लंडनमध्ये त्या सायकलवरून कामावर जात. डोंगर चढण्याची आणि बर्फावरून घसरत जाण्याची त्यांना हौस होती. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या शोधाचा उपयोग वाढतच गेला. 1970 साली भारत सरकारने राष्ट्रीय पोषणजन्य पांडुरोग प्रतिबंधक कार्यक्रम सुरू करून गर्भवती स्त्रियांना लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मोफत देण्यास प्रारंभ केला. 1991 साली सात देशांतील 33 केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मातांचे आधीचे बाळ पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाचे होते, त्यांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिले असता हे व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. हा कणा गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटून पूर्ण होतो. पुष्कळदा तोपर्यंत आपणांस दिवस गेले आहेत हेच स्त्रीला ठाऊक नसते. म्हणून ही गोळी दिवस गेल्यावर नव्हे, तर अपत्याचा विचार करतानाच सुरू करावयाची असते, साधारणतः रोज 400 मायक्रोग्रॅम. लग्नसराईत सुनेसाठी शालू-पैठण्या निवडण्यास दुकानात दोन-दोन तास बसणाऱ्या सासूबाईंना ही गोष्ट मी हल्ली आवर्जून सांगतो. काहींना ती कापडवाल्याने सांगावी याचे आश्चर्य वाटते.

इतके होऊनही 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटाच्या 57 टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. गोळी आहे, स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयात फुकट आहे, तरी ती पोटात जात नाही. मळमळते, शौचास काळे होते, मूल काळे जन्मते अशा समजुतींनी ती फडताळात पडून राहते. आपल्या सुखवस्तू घरांतही हेच घडते, हे शिबिरांच्या नोंदवहीवरून मी सांगू शकतो.

चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सारे मिनी घाटी म्हणतो, गर्भवती स्त्रियांच्या तपासणीच्या रांगेत एमआयडीसीतील कामगारांच्या बायका कागदाच्या पुडीत लाल गोळ्या घेऊन उभ्या असलेल्या दिसतात. आपल्या ट्रस्टच्या यापुढील शिबिरांत हिमोग्लोबिनबरोबर बी-12 ची तपासणीही सवलतीच्या दरात करावी, आणि लग्न ठरलेल्या मुलींना फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची तीन महिन्यांची पुडी संस्थेतर्फे द्यावी, असा ठराव मी वैद्यकीय समितीपुढे मांडला आहे. खर्चाचा अंदाज जोडलेला आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावर विचार व्हावयाचा आहे.